पालक आहात, मालक नाही!

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारची झाकपाक करून जरा टेकले होते, तोच आमच्या बचत गटातली एक मैत्रीण दारात उभी. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. पदरात दोन लेकरं. थोरली अकराची, धाकटा सात वर्षांचा.

"ताई, भाऊजी म्हणतात, प्लॉट विकू आणि कर्ज फेडू. मुलं लहान आहेत, त्यांचा पालक म्हणून ते सही करणार. घरातला कर्ता पुरुष आता तेच ना!"

प्लॉट तिच्या नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या नावावर घेतलेला. मला रागच आला. म्हटलं, "त्यांनी कशाला? तू आई आहेस. तूच सही कर आणि टाक विकून!"

दुसऱ्या दिवशी तालुक्याला ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो. माझा सल्ला ऐकून त्या हसल्या. "ताई, तुमचं अर्धं बरोबर, अर्धं चूक."

बरोबर ते असं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. बौद्ध, जैन, शीख यांनाही तो लागू आहे. वडिलांच्या पश्चात अज्ञान मुलांची नैसर्गिक पालक आईच. काका, आजोबा आपोआप पालक होत नाहीत. शिवाय मृत्युपत्र नसल्यामुळे प्लॉटला वारस चौघं, सारख्या वाट्याचे: सासूबाई, ती आणि दोन मुलं. दिरांचा त्यात वाटाच नाही.

वडील हयात असले तर? लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 मध्ये मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी अर्ज केला, तर आईची सही चालेना. त्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. 1999 मध्ये निकाल लागला. कायद्यातलं 'वडिलांनंतर आई' म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे. वडील मुलाकडे बघतच नसतील, तर ते जिवंत असतानाही आई पालक ठरू शकते. नवऱ्याने टाकलेल्या कितीतरी जणींनी हे लक्षात ठेवायला हवं.

आता माझी चूक. पालक म्हणजे मालक नव्हे! मुलांच्या वाट्याचा प्लॉट विकायला किंवा गहाण टाकायला आईलाही आधी कोर्टाची परवानगी लागते. मुलांची गरज किंवा उघड फायदा दिसला, तरच ती मिळते. परवानगीवाचून विकलं, तर मूल अठराचं झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतं. मी तिला केवढ्या घोळात ढकलत होते!

प्लॉट विकला नाही. कर्ज ती शिवणकाम करून हप्त्याहप्त्याने फेडते आहे. दिरांनाही वकीलबाईंनीच समजावलं. थोडे दिवस अबोला झाला, पण निवळला. मग तलाठ्याकडे वारसनोंद केली. सातबाऱ्यावर मुलांच्या नावांपुढे लिहून आलं, 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. तो कागद ती कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "ताई, सरकारी कागदावर 'आई' लिहिलेलं पहिल्यांदाच बघतेय."

मैत्रिणींनो, कुणी 'इथं फक्त सही कर' म्हणालं, तर आधी थांबा. कागद वाचून घ्या. वकिलाच्या फीची धास्ती नको. 1987 च्या कायद्यानुसार बायकांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा. एकटीला जायला संकोच वाटला, तर शेजारणीला सोबत घ्या. पण जा!