जुन्या रंध्याला नवं पातं बसत नाही? कानस उचलण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात माजिवड्यापासून डोंबिवलीपर्यंत अनेक घरांत लाकडी दरवाजे फुगतात आणि चौकटीला घासू लागतात. मग माळ्यावरचा आजोबांचा लोखंडी रंधा खाली येतो. पातं गंजलेलं असतं, म्हणून नवं आणलं जातं. पण ते बसतच नाही. असं का होतं?

पातं खरंच बदलायला हवं का?

वरवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो आणि बोथट धार पुन्हा लावता येते. मात्र धारेजवळ सपाट बाजूला गंजाचे खोल खड्डे असतील, तडा गेला असेल किंवा पातं घासून फार आखूड झालं असेल, तर नवं घ्या.

काय मोजायचं?

आधी रुंदी. स्टॅनले किंवा रेकॉर्डच्या ४ आणि ५ नंबरच्या रंध्यांना साधारणपणे २ इंची पातं लागतं, तर ६ आणि ७ नंबरला २ ३/८ इंची. मग पात्यातली लांब खाच जुन्यासारखीच आहे का ते पाहा.

शेवटी जाडी. खरी अडचण इथेच येते. या जुन्या रंध्यांची पाती साधारण २ मिलिमीटर जाड असतात, तर बाजारातली काही नवी पाती ३ मिलिमीटरच्या आसपास. जाड पातं कमी थरथरतं. पण ते रंध्याच्या तोंडात अडकू शकतं. शिवाय पातं खाली-वर करणारी जीभ खाचेतून वरच्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही आणि पितळी चाक नुसतंच फिरतं.

तोंड कानसून मोठं करावं का?

लगेच नको. पात्याखालच्या तिरक्या बैठकीचे दोन स्क्रू सैल करा आणि ती किंचित मागे सरकवा. फार मागे नेली, तर पातं तोंडाच्या मागच्या कडेवर टेकून उचललं जातं आणि थरथरतं. एवढ्यानेही जमलं नाही, तर जुन्या जाडीचं पातं शोधा. पातं पुन्हा मिळेल, पण तोंडाचं कानसलेलं बीड परत येत नाही.

बसवायचं कसं?

धारेजवळची सपाट बाजू दगडावर घासून एकसारखी करा. उतार २५ अंशांचा ठेवा आणि शेवटची धार ३० अंशांवर लावा. ग्राइंडरवर घासताना पातं सतत पाण्यात बुडवा, कारण ते निळं पडलं की तिथला कडकपणा गेला. वरची पट्टी धारेपासून सुमारे १ मिलिमीटर मागे कसा. उताराची बाजू खाली ठेवून पातं बसवा.

दरवाजाला हात लावण्याआधी टाकाऊ लाकडावर रंधा मारून पाहा. ढलपी दोन्ही कडांना सारखीच पातळ निघाली, म्हणजे पातं सरळ बसलं.