विश्वास कमी होतो तपासणीच्या खोलीत

फुप्फुसाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात सापडला, तर शस्त्रक्रियेने तो काढून टाकणे हा बरे होण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग असतो. अमेरिकेत मात्र हा मार्ग सर्वांच्या वाट्याला सारखा येत नव्हता. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ व त्यापुढील वयाच्या सुमारे ११ हजार रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. श्वेतवर्णीयांपैकी ७६.७ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली होती, तर कृष्णवर्णीयांपैकी ६४ टक्के. हे सर्व ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेतील रुग्ण होते. विशेष म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये दोन्ही गटांचे जगण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते.

मग फरक पडला कुठे? ‘कृष्णवर्णीयांचा डॉक्टरांवर विश्वासच नसतो,’ हे नेहमीचे उत्तर. त्याला इतिहासाचा आधारही आहे. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य सेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवरील उपचारांपासून वंचित ठेवले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही रोग कसा वाढतो, हे नुसते पाहिले गेले. अशी आठवण समाज सहज विसरत नाही.

पण हे उत्तर अपुरे असल्याचे २००६ मधील एका अभ्यासाने दाखवले. माजी सैनिकांच्या रुग्णालयातील फुप्फुसाच्या रुग्णांना डॉक्टरांच्या भेटीपूर्वी आणि नंतर विश्वासाला गुण द्यायला सांगितले. भेटीपूर्वी दोन्ही गटांचे गुण दहापैकी आठच्या आसपास, म्हणजे जवळपास सारखेच होते. भेटीनंतर श्वेतवर्णीय रुग्णांचा विश्वास ९.३ वर गेला. कृष्णवर्णीयांचा ८ वरच राहिला. डॉक्टरांनी माहिती कमी दिली, धीर कमी दिला आणि निर्णयात फारसे सामील करून घेतले नाही, असे त्यांना वाटले होते. विश्वासातील दरी रुग्णांनी घरून आणलेली नव्हती. ती तपासणीच्या खोलीतच तयार झाली.

याच संशोधकांनी अशा भेटींतील संभाषण ध्वनिमुद्रित करूनही तपासले. डॉक्टर आपणहून जी माहिती देत, तिच्यात वर्णानुसार फरक नव्हता. फरक होता तो विचारल्यावर मिळणाऱ्या माहितीत. कृष्णवर्णीय रुग्ण आणि त्यांच्यासोबत आलेले नातेवाईक कमी प्रश्न विचारत, शंका कमी बोलून दाखवत. साहजिकच त्यांना उत्तरेही कमी मिळत. म्हणजे ‘काही विचारायचे आहे का?’ एवढे म्हणून थांबणारा डॉक्टर भेदभाव करण्याचा हेतू नसतानाही गप्प बसणाऱ्याला कमी देतो.

संस्कृतीचा आणखी एक पदर आहे : मुळात सांगायचे कोणाला? लॉस एंजेलिसमधील ८०० ज्येष्ठांना १९९५ च्या एका अभ्यासात विचारण्यात आले, की शरीरात पसरलेल्या कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगावे का? युरोपीय वंशाच्या ८७ आणि आफ्रिकी वंशाच्या ८८ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. मेक्सिकन वंशाच्या ६५ टक्क्यांनी आणि कोरियन वंशाच्या केवळ ४७ टक्क्यांनी. ‘आईला सांगू नका’ ही विनंती आपल्याकडच्या डॉक्टरांनाही नवी नाही. मात्र या आकड्यांतली दुसरी बाजूही पाहायला हवी. कोरियन वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांना सत्य सांगितले जावे असेच वाटत होते. आडनावावरून किंवा चेहऱ्यावरून अंदाज बांधणारा डॉक्टर या निम्म्यांच्या बाबतीत चुकेल. ‘तुम्हाला किती माहिती हवी आहे? निर्णय घेताना घरातले कोण सोबत हवे?’ हे रुग्णालाच विचारणे, हाच खात्रीचा मार्ग.

दरी बुजवता येते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील काही कर्करोग केंद्रांनी तीन गोष्टी केल्या : रुग्णाची भेट चुकली की संगणकावर इशारा, रुग्णाच्या शंका ऐकून पाठपुरावा करणारी प्रशिक्षित परिचारिका आणि कोणत्या वर्णाच्या किती रुग्णांचे उपचार झाले याची डॉक्टरांना नियमित माहिती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुरुवातीच्या टप्प्यातील फुप्फुसाच्या कर्करोगात दोन्ही गटांतील ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना उपचार मिळाले आणि त्यांच्यातील फरक जवळजवळ उरला नाही.

रुग्णाच्या हातातही काही आहे. प्रश्न आधी कागदावर लिहून नेणे, सोबत एक माणूस नेणे आणि निघण्यापूर्वी ‘मला समजले ते असे, बरोबर आहे ना?’ असे डॉक्टरांना सांगून पाहणे. ही पाच मिनिटे डॉक्टरांनीही द्यायला हवीत. तीही उपचाराचाच भाग आहेत.