सेल रुसला की मेला?

गेल्या रमजानमध्ये ऐन सहरीच्या वेळी आमच्या कल्याणच्या इमारतीची वीज गेली. अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वुजूसाठी मोरीपर्यंत न्यायचं होतं. मी टॉर्च लावला. लख्ख उजेड पडला आणि दोन मिनिटांत काळोख. मंद होत गेला नाही, बटण दाबल्यासारखा एकदम गेला. अब्बा उंबऱ्याला अडखळले. ह्यांनी वेळेत धरलं म्हणून बरं, नाहीतर या वयात हाड मोडायला किती वेळ लागतो?

सकाळी मुलाने सेलला मल्टिमीटर लावला. आकडा शून्य! "अम्मी, हा मेला. फेकून देऊ?" सहा महिन्यांपूर्वीच घेतलेला सेल. मी भाषा शिकवणारी बाई, मला काय कळणार? शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते हसले, "मॅडम, मेला नाही, रुसलाय. चार्जरमध्ये घालून बघा." घातला आणि थोड्या वेळाने सेल जागा झाला.

झालं होतं असं. हा लिथियम-आयन सेल. १९९१ साली सोनी कंपनीने तो पहिल्यांदा बाजारात आणला. टॉर्चमध्ये बहुधा '१८६५०' आकाराचा असतो: १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. 'प्रोटेक्टेड' सेलच्या बुडाशी एक चिमुकलं सर्किट असतं. सेल जास्त भरला, फार रिकामा झाला, शॉर्ट झाला किंवा एकदम जास्त प्रवाह ओढला गेला, की ते वाट बंद करतं. आत थोडी वीज असूनही मीटर शून्य दाखवतो तो यामुळे. आमचा टॉर्च महिनोन्‌महिने कपाटात होता. अनेक टॉर्चची बटणं बंद असतानाही थेंबथेंब वीज पितात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तुमचा टॉर्च रुसला तर या क्रमाने पाहा:

१. एकदम बंद पडला, मीटर शून्य दाखवतो: सेल चार्जरमध्ये घाला. काही चार्जर असा सेल ओळखतच नाहीत, तेव्हा दुसऱ्या चांगल्या चार्जरमध्ये बघा. जागा झाल्यावरही दोन व्होल्टच्या खाली असेल तर त्याचा नाद सोडा.

२. लहान उजेडावर चालतो, मोठ्या उजेडावर विझतो: टॉर्चला लागणारा प्रवाह त्या सेलला झेपत नाही, किंवा सेल म्हातारा झालाय.

३. लुकलुकतो: आपल्याकडचा पावसाळा आठवा. सेलची टोकं आणि झाकणाचे आटे कोरड्या कापडाने, जरूर तर थोड्या स्पिरिटने पुसा. झाकण घट्ट फिरवा.

४. नवा सेल बसत नाही: सर्किटमुळे प्रोटेक्टेड सेल ६८ ते ७० मिलीमीटर भरतो. जबरदस्तीने दाबू नका. उलट सपाट डोक्याचा सेल आत टेकत नसेल तर चांदीचा कागद कोंबण्याचा जुगाड मुळीच नको.

खरेदीतही डोळे उघडे हवेत. स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून आम्ही '९९०० एमएएच' लिहिलेला स्वस्त सेल आणला होता. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५००च्या आसपास असते. वेष्टनावरचा आकडा निव्वळ थाप होती.

मुलाने मोबाइलवर एक युक्ती पाहिली होती: दुसऱ्या सेलच्या तारा जोडून रुसलेल्याला 'झटका' द्यायचा. सरांनी हे ऐकताच कानाला हात लावले. अशी मोजमाप नसलेली वीज थेट सेलमध्ये घातली तर तो तापतो आणि पेटूही शकतो. आपल्या दोन खोल्यांच्या घरात गादी, पडदे, गॅस सगळं हाताच्या अंतरावर. म्हणून चार्जिंग सर्वांच्या डोळ्यांसमोर, फरशीवर, दारापासून दूर करावं. रात्री उशाशी नको. सुटे सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नयेत. फुगलेला, आपटलेला, वास येणारा किंवा आवरण फाटलेला सेल पुन्हा चार्ज करू नये. त्याच्या टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा, घरच्या कचऱ्यात नको.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते? कळवा-पडघा भागातल्या वीजवाहिन्यांच्या बिघाडाने मुंबईसह आपल्याकडचीही वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी निदान ऊन तरी होतं. तेच रात्री झालं असतं तर?

आता आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टॉर्च लावून बघतो, सेल भरतो आणि बाहेर काढून टॉर्चशेजारीच डबीत ठेवतो. अब्बा टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात. रविवार आला की चहाबरोबर त्यांचा प्रश्न ठरलेला: "सूनबाई, बॅटरी बघितली का?"