टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

वसईकडच्या पाचूबंदर, नायगाव किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर लहान होडीचं पेट्रोलचं मशीन सुरू होईना, की पहिला हात प्लगला जातो. प्लग काढा, पुसा, घासा, लावा आणि ओढा दोरी. इतक्या वर्षांत मी जी जुनी मशिनं उघडताना पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचा प्लग निर्दोष होता. दुखणं असायचं ते इंधनाच्या वाटेत: टाकीत, नळीत, पंपात, नाहीतर कार्बोरेटरच्या वाटीत. ही सगळी वाट जेमतेम दोन-तीन मीटरची. तरी जुन्या मशिनाचं आयुष्य तीच ठरवते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि या सगळ्या काळात इथली होडी शिडावरच चालत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारी योजनांतून शिडाच्या होड्यांत डिझेलची मशिनं बसू लागली. सातपाटीकडच्या होड्यांची घडण त्याला सोयीची होती. आज मोठ्या बोटी सगळ्या डिझेलवरच चालतात. पेट्रोल उरलं ते खाडीतल्या लहान होड्यांच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड मशिनांपुरतं. माझा जीव जडलाय तो याच मशिनांवर.

जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डची रचना फार सुंदर आहे. सुटी टाकी, तिच्यातून निघालेली रबरी नळी, मध्ये हाताने दाबायचा फुगा, पुढे मशिनाला अडकवायचा कनेक्टर, मग पंप, बारीक जाळी आणि कार्बोरेटर. पंपाला ना वीज लागते ना दांडा. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमधला दाब वाढतो आणि घटतो. त्या धक्क्यांनी एक पातळ पडदा थरथरतो, दोन झडपा आळीपाळीने उघडमीट करतात आणि पेट्रोल वर चढतं. पडदा कडक झाला किंवा त्याला सुईएवढं भोक पडलं की मशीन मंद गतीला छान चालतं आणि थ्रॉटल वाढवला की गळपटतं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशा वेळी फुगा दाबत राहिल्यावर मशीन तरतरीत झालं, तर पंपात किंवा त्याआधीच्या नळीत दोष आहे असं समजावं.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक मेख आहे. त्याचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. प्रमाण पन्नासास एक धरलं, तर लिटरला 20 मिलिलिटर टू-टी ऑइल. म्हणजे इंधन कमी पडलं की वंगणही कमी पडतं. चारचाकीत अर्धवट तुंबलेला जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं इंधनाचं बारीक भोक, फक्त ताकद खातो, पण इथे तो पिस्टनच जाम करतो.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे पेट्रोलमधलं पाणी. 2022 च्या जूनमध्ये देशाने पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचा. इथेनॉल पाण्याला जवळ ओढतं. वसईच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी उन्हाने तापते, रात्री निवते आणि झाकणाच्या भोकातून ओलसर हवा आत घेत राहते. थोडं पाणी इथेनॉल सामावून घेतं. साध्या तापमानाला 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये सुमारे अर्धा टक्का पाणी मावतं, 20 टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये त्याहून जास्त. ती मर्यादा ओलांडली की मिश्रण फुटतं. पाणी आणि इथेनॉल मिळून जड होतात आणि तळाशी बसतात, वर पेट्रोल तरंगतं. तेल वरच्या पेट्रोलसोबत राहतं आणि टाकीतली शोषनळी मात्र तळाला टेकलेली असते! मशिनाला सर्वांत आधी मिळतं ते वंगणाशिवायचं पाणचट इथेनॉल.

नायगावच्या एका कुटुंबाकडे आजोबांच्या काळातली लाकडी होडी आहे. शीड आणि परबाण (शीड बांधायची काठी) त्यांनी जपून ठेवलंय, मागे जुनं टू-स्ट्रोक मशीन आहे. मासेमारीबंदी संपल्यावर त्यांनी ती खाडीत घातली. पाणजू बेटाच्या अलीकडे मशीन धापा टाकत बंद पडलं आणि ओहोटी होडीला बाहेर ओढू लागली. नाखव्यांनी शीड चढवलं आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर ते किनाऱ्याला लागले. मी संध्याकाळी गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘‘सर, पेट्रोल चांगलं होतं हो, मे महिन्यातच भरलेलं.’’ आम्ही टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं. पाच मिनिटांत दोन थर वेगळे दिसले. वरचा थर तेलाच्या रंगाचा होता, खालचा फिकट, गढूळ. घरातली सगळी मंडळी बरणीभोवती जमली. अर्धा पावसाळा टाकी पडवीत, झाकणाचं भोक उघडं ठेवून पडलेली होती. पेट्रोल मेमध्ये खरोखरच चांगलं होतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरी मोजता येतं. 100 मिलिलिटरच्या मापनळीत 10 मिलिलिटर पाणी आणि त्यावर 90 मिलिलिटर पेट्रोल घ्या, तोंड बंद करून हलवा आणि थर बसू द्या. 20 टक्क्यांचं पेट्रोल असेल तर तळाचा थर 28 च्या आसपास दिसतो. प्रयोग उघड्यावर, विस्तवापासून दूर करावा.

नायगावच्या त्या होडीतली इंधनाची वाट आम्ही टाकीकडून सुरू करून बदलली, कारण कार्बोरेटर आधी साफ केला आणि टाकी घाण राहिली तर आठवड्यात सगळं पुन्हा तुंबतं. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर सोडवून पुढे ढकलतं, म्हणून टाकी आतून धुऊन वाळवली. नळी पूर्ण नवी घेतली. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हरतऱ्हेची नळी मिळते, पण दुकानदाराला ‘इथेनॉल चालणारी पेट्रोलची नळी’ असं स्पष्ट सांगून तिच्यावरचा छाप वाचून घ्यावा. साधं रबर आतून फुगतं, त्याचे काळे कण सुटतात आणि ते थेट जेटमध्ये जाऊन बसतात. फुगा, पंपाचा पडदा, ओ-रिंगा आणि फ्लोटची सुईही बदलली. इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉन रबराचे भाग महाग पडतात, तरी माझं मत पक्कं आहे की इथे काटकसर करू नये. नळी आणि पंप यांच्यामध्ये 10 मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. आउटबोर्डला त्याची पारदर्शक वाटी चालते, रोज नजर टाकता येते. मशीन होडीच्या पोटात असेल तर मात्र वाटी धातूचीच हवी, आगीत प्लॅस्टिक वितळतं.

पोटातल्या पेट्रोल मशिनाचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेच्या ‘अ‍ॅटॉमिक फोर’बद्दल सांगायलाच हवं. चार सिलिंडर, 30 अश्वशक्ती. युनिव्हर्सल कंपनीने 1947 पासून 1980 च्या दशकापर्यंत ते शिडाच्या नौकांसाठी बनवलं आणि तिथले हौशी लोक ते आजही चालवतात. जुना पंप काढून ते विजेचा बसवतात, पण त्याच्या तारेत तेलाच्या दाबाचा स्विच घालतात. मशीन थांबलं की तेलाचा दाब जातो आणि पंपही थांबतो. नाहीतर फ्लोट अडकल्यास पेट्रोल होडीच्या तळात भरत राहील. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळात साचते आणि पेट्रोल उणे 40 अंशालाही पेट घेईल इतकी वाफ सोडतं. म्हणून सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा चालवून वाफ बाहेर काढायची हा तिथला नियम आहे. मला तो मनापासून पटतो. तिथे होड्यांच्या मशिनात 15 टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरायला कायद्याने मनाई आहे आणि नावाजलेल्या आउटबोर्ड कंपन्या साधारण 10 टक्क्यांपर्यंतच हमी देतात. आपल्या पेट्रोल पंपावर आता 20 टक्के आहे. जुन्या मशिनाच्या मालकाला हा फरक माहीत असायला हवा.

राहिला जेट. 20 टक्के इथेनॉलला जुन्या पेट्रोलपेक्षा सुमारे 8 टक्के जास्त इंधन लागतं. भोकाचं क्षेत्रफळ 8 टक्के वाढवायला व्यास फक्त 4 टक्के वाढवावा लागतो. म्हणून ड्रिल अजिबात हातात घेऊ नये, एक आकडा मोठा जेट विकत आणावा. मग भर वेगात चालवून, थांबवून प्लग पाहावा. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर ठीक, पांढरंफटक असेल तर इंधन अजून कमी पडतंय.

नायगावचं मशीन त्यानंतर नीट चालतंय. दुसऱ्या वर्षी 1 जूनला बंदी लागण्याआधी नाखव्यांनी टाकी कोरडी केली, नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, कार्बोरेटरची वाटी रिकामी केली आणि मगच होडी शाकारली. तुमच्या होडीला पेट्रोलचं मशीन असेल तर मे संपायच्या आत एवढं जरूर करा आणि नारळी पौर्णिमेला नवं, ताजं पेट्रोल भरा.