सरावाच्या वेळेचे पैसे

एखाद्या खेळात व्यावसायिकता आली असे केव्हा म्हणायचे, याचा साधा निकष असा की खेळाडूच्या सरावाच्या वेळेचे पैसे कोणीतरी देत असते. सामना जिंकला काय आणि हरला काय, महिनाअखेरीस तिच्या खात्यात ठरलेली रक्कम जमा होते, आणि गुडघा दुखावून ती चार महिने घरी बसली तरी ती रक्कम थांबत नाही. या निकषावर जगातील महिला रग्बी मोजक्या देशांत, तीही अलीकडेच, व्यावसायिक झाली आहे. भारतातील महिला रग्बी तेथवर पोहोचलेली नाही. आणि जेथे मुलींचे मैदानी खेळ म्हणजे प्रामुख्याने खो-खो आणि कबड्डी, त्या रत्नागिरी जिल्ह्यातील खेळाडूंची स्थिती तपासायची झाली, तरी हाच निकष उपयोगी पडतो.

रग्बीचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्यात प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव होतात. दुसऱ्याला सेव्हन्स म्हणतात, त्यात सातच खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे डाव असतात, आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकपासून हाच प्रकार ऑलिंपिकमध्ये खेळला जातो. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि त्याचे पाच गुण मिळतात. धावणाऱ्या खेळाडूला खांदा लावून, दोन्ही हातांनी तिचे पाय आवळून खाली पाडणे म्हणजे ‘टॅकल’. कबड्डीतील मांडीची पकड ज्याने पाहिली आहे त्याला टॅकल समजावून सांगावे लागत नाही, फरक इतकाच की रग्बीत समोरची खेळाडू पूर्ण वेगाने अंगावर येत असते. अशा एका सामन्यानंतर शरीर पूर्ववत होण्यास दिवस लागतात, त्यासाठी फिजिओथेरपिस्ट लागतो, पुरेसा आहार लागतो, झोप लागते. नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास खेळणाऱ्या मुलीला हे सर्व जमवणे अवघड, आणि म्हणूनच या खेळात पगारी व बिनपगारी संघांमधील अंतर मैदानावर चटकन दिसते.

पुरुषांची रग्बी १९९५च्या ऑगस्टमध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाली. त्याआधी चारच वर्षे, १९९१ साली, वेल्समध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली होती. लंडनच्या रिचमंड क्लबातील चार महिलांनी ती स्वतःच्या हिमतीवर उभी केली, आंतरराष्ट्रीय मंडळाची तिला मान्यता नव्हती आणि संघांनी प्रवासाचा व राहण्याचा खर्च आपापला उचलला. परकीय चलन नसलेला सोव्हिएत संघ विकून पैसे उभे करण्यासाठी व्होडका बरोबर घेऊन आला होता, हा तपशील आज गमतीचा वाटतो. त्या खेळाडूंना तो तसा वाटला असेल असे नाही. पुढे २०१९च्या जानेवारीत इंग्लंडच्या रग्बी संघटनेने २८ महिला खेळाडूंना पंधराच्या खेळासाठी पूर्णवेळ करार दिले. करार म्हणजे संघटनेने खेळाडूला वर्षभरासाठी पगारावर ठेवणे. त्यात सराव, उपचार आणि विश्रांती हे सगळे कामाचे तास मानले जातात. २०२३मध्ये याच संघटनेने करारबद्ध खेळाडूंना २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा लागू केली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ट्विकनहॅमच्या मैदानावर ८१,८८५ प्रेक्षकांसमोर इंग्लंडने कॅनडाला ३३–१३ असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा समोरच्या कॅनडाच्या संघाने आपल्या तयारीचा बराचसा खर्च लोकवर्गणीतून उभा केला होता. लोकवर्गणीवर अंतिम फेरीपर्यंत मजल मारता येते, हे त्यातून दिसले. पण ती वर्गणी दर चार वर्षांनी पुन्हा मागावी लागते, ही अडचण उरतेच.

भारतात रग्बीचे जुने घर कोलकाता आणि मुंबई. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पुरुषांचे सामने पिढ्यानपिढ्या होत आले, परंतु महिलांचा भारतीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो २००९ साली, सेव्हन्स प्रकारात. त्या आरंभीच्या पिढीत पुण्याच्या मुली ठळकपणे होत्या. त्यांपैकी वाहबिझ भरुचा पुढे भारताच्या कर्णधार झाल्या. त्या स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत, आणि देशाचे नेतृत्व करणाऱ्या खेळाडूचा चरितार्थ खेळाबाहेरच्या पेशावर चालावा, ही गोष्ट या खेळाच्या अर्थकारणाबद्दल पुष्कळ काही सांगते. २०१८ साली महिला संघ पंधराच्या प्रकारात प्रथमच आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि जून २०१९मध्ये मनिला येथे सिंगापूरवर २१–१९ असा पहिला विजय मिळवला.

या संघाचा खर्च कसा भागतो, हे पाहण्याजोगे आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालय राष्ट्रीय संघटनांना वार्षिक प्रशिक्षण व स्पर्धा आराखड्यानुसार साहाय्य देते. आराखड्यात शिबिरे, परदेश दौरे, साहित्य आणि प्रशिक्षक यांच्या खर्चाचा अंदाज मांडलेला असतो. शिबिर चालू आहे तोवर खेळाडूचे जेवण, निवास आणि प्रशिक्षण यांची सोय होते. शिबिर उठले की ती घरी परतते आणि पुढल्या बोलावण्यापर्यंतचा सराव तिच्या स्वतःच्या खर्चाने होतो. ओडिशा सरकारने २०२० साली भारतीय रग्बीचे प्रायोजकत्व तीन वर्षांसाठी स्वीकारले, तेव्हा ही मधली पोकळी काही अंशी भरून निघाली. भुवनेश्वरच्या कलिंग समाजविज्ञान संस्थेत आदिवासी मुलींना शालेय वयापासून निवास, शिक्षण आणि रग्बी एकत्र मिळत होते, आणि राष्ट्रीय संघाला तेथून सातत्याने खेळाडू मिळत राहिल्या. बिहारने दुसरा मार्ग धरला: ‘मेडल लाओ, नौकरी पाओ’ या योजनेखाली पदकविजेत्या खेळाडूंना थेट सरकारी नोकऱ्या दिल्या, आणि त्यांत रग्बी खेळणाऱ्या मुलीही होत्या. ओडिशाने खेळाडूच्या घडणीवर खर्च केला, बिहारने घडलेल्या खेळाडूच्या भवितव्यावर.

महाराष्ट्राचा कल दुसऱ्या मार्गाकडे पूर्वीपासूनच आहे, आणि रत्नागिरीत तो जवळून पाहता येतो. रग्बीला गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत शंभर मीटर लांब आणि सुमारे सत्तर मीटर रुंद, शिवाय पडले तरी अंग सोलवटणार नाही असे हिरवळीचे मैदान हवे. रत्नागिरीच्या सड्यावर जांभ्याचा कातळ आहे, उतारावर कलमांच्या बागा आहेत, आणि सपाट मऊ जमीन जेवढी आहे तेवढी भातखाचरांना लागते. त्यातून पावसाचे चार महिने उघड्यावरचा सराव जवळपास बंद. खो-खोचे मैदान सत्तावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद, महिलांच्या कबड्डीचे बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद. एवढी जागा शाळेच्या आवारात निघते, कापणीनंतर खाचरातही निघते, आणि साहित्य म्हणाल तर खो-खोला दोन खांब पुरतात. कोकणातील मुली याच दोन खेळांकडे वळल्या, यामागे परंपरा आहेच, पण जमिनीचा हिशेबही आहे. रत्नागिरीच्या ऐश्वर्या सावंत आणि अपेक्षा सुतार यांनी खो-खोत महाराष्ट्राच्या संघातून राष्ट्रीय पातळीवर नाव कमावले ते याच व्यवस्थेतून: शाळा, क्लब, जिल्ह्याचा संघ, राज्याचा संघ.

या शिडीच्या प्रत्येक पायरीवर मिळणारा मोबदला निराळा आहे. शालेय वयात क्रीडा सवलतीचे वाढीव गुण मिळतात. राज्याच्या संघात निवड होऊन पदक आले की प्रमाणपत्र मिळते आणि त्या प्रमाणपत्राला मोल येते ते नोकरीमुळे, कारण राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, ज्याचे नियम २००५च्या आणि नंतर २०१६च्या शासन निर्णयांनी ठरवले. समांतर आरक्षण म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच खेळाडूंसाठी राखलेला हिस्सा. याशिवाय रेल्वे, विमानतळ प्राधिकरण, बँका आणि पोलीस दल यांचे स्वतःचे संघ आहेत. महाराष्ट्रातील कबड्डी स्पर्धांत ‘व्यावसायिक गट’ असा जो वेगळा गट असतो, त्यात अशा कंपन्यांचे आणि कार्यालयांचे संघ उतरतात. रत्नागिरीतील एखाद्या घरात मुलीला सरावाला पाठवायचे की नाही, याचा निर्णय होताना पुढे नोकरी मिळेल का, हा प्रश्न पुष्कळदा निर्णायक ठरतो, आणि त्यात पालकांचे काही चुकते असे म्हणता येत नाही.

नोकरीनंतरचा दुसरा मोबदला म्हणजे रोख पारितोषिक. २०१२ साली पाटण्यात झालेला महिला कबड्डीचा विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा संघातील महाराष्ट्राच्या तीन खेळाडूंना राज्याने प्रत्येकी १ कोटी रुपये दिले. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे नमवले, आणि महाराष्ट्राने आपल्या विजेत्या खेळाडूंना, स्त्री-पुरुष असा भेद न करता, प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपये जाहीर केले. कर्नाटकाने आपल्या दोन खेळाडूंना ५ लाख देऊ केले, तेव्हा त्यांनी महाराष्ट्राचा दाखला देऊन ती रक्कम नाकारली. महाराष्ट्राची ही उदारता खरीच आहे आणि तिचे कौतुक व्हायला हवे. तरीही एक हिशेब मांडून पाहावा. केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूला प्रशिक्षण, आहार इत्यादी सोयींखेरीज हातखर्चासाठी महिन्याला १०,००० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार मिळतात. त्या दराने एका विजेत्या खेळाडूच्या पारितोषिकात सुमारे १८७ मुलींचा वर्षाचा हातखर्च भागला असता. पारितोषिक कमी करा असा याचा अर्थ नव्हे. विजयानंतर राज्याची तिजोरी जितकी सैल होते, तितकी विजयापूर्वीच्या दहा वर्षांत होत नाही, एवढेच त्यातून दिसते, आणि त्या दहा वर्षांत खेळ सोडून देणाऱ्या मुलींची नावे कोणत्याही यादीत येत नाहीत.

खासगी पैसा आला तो लीगच्या रूपाने, आणि तो जवळजवळ सगळा पुरुषांकडे गेला. लीग म्हणजे शहरांच्या नावाने संघ विकत घेऊन, खेळाडूंना हंगामापुरते करार देऊन, प्रक्षेपणाच्या व जाहिरातीच्या उत्पन्नावर चालवलेली स्पर्धा. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली, अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ साली पुण्यात झाला, रग्बी प्रीमियर लीग जून २०२५मध्ये मुंबईच्या अंधेरी क्रीडा संकुलात भरली; या तिन्ही पुरुषांच्या. प्रो कबड्डीने २०१६ साली तीन संघांचे महिला कबड्डी चॅलेंज भरवून पाहिले, त्याचा अंतिम सामना २४–२३ असा एका गुणाने निकाली लागला, आणि तरीही दुसऱ्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. महिलांच्या खेळाला प्रेक्षक नाही, असे कारण अशा वेळी पुढे केले जाते. पण एका हंगामात प्रेक्षक तयार होत नसतो, आणि पुरुषांच्या लीगला तोट्याची वर्षे जशी माफ होतात तशी महिलांच्या लीगला होत नाहीत. क्रिकेटमध्ये नियामक मंडळ स्वतःच श्रीमंत असल्याने चित्र वेगळे झाले: २०२३च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधना यांच्यावर ३ कोटी ४० लाखांची सर्वोच्च बोली लागली. खो-खो, कबड्डी किंवा रग्बीच्या संघटनांपाशी असे पाठबळ नाही.

राहता राहिला नोकरी आणि करार यांच्यातील फरक. क्रीडा आरक्षणातून लागलेल्या मुलीला दरमहा पगार मिळतो, रुग्णालयाच्या खर्चाची तरतूद होते, प्रसूतीसाठी १८० दिवसांची भरपगारी रजा मिळते. इंग्लंडच्या करारबद्ध खेळाडूला जे मिळते त्याच्याशी ही यादी बरीच जुळते आणि एका बाबतीत तिच्यापेक्षा सरस आहे, कारण ही नोकरी खेळ संपल्यावरही निवृत्तीपर्यंत टिकते. नेमका सराव मात्र तीत बसत नाही. रेल्वेसारख्या ज्या संस्थांचे स्वतःचे संघ आहेत त्या खेळाडूंना कामाच्या वेळेत सवलत देतात. जेथे संघ नाही तेथे खेळाडू म्हणून भरती झालेली मुलगी साडेपाच-सहापर्यंत टेबलावर असते, आणि स्पर्धेपुरती विशेष रजा मिळाली तरी स्पर्धेच्या आधीच्या तीन महिन्यांचा रोजचा सराव कार्यालयप्रमुखाच्या मर्जीवर राहतो. पाच टक्के आरक्षणाच्या नियमांत कोणत्या पदकाला कोणत्या श्रेणीचे पद, हे तपशीलवार ठरवलेले आहे. नियुक्तीनंतर त्या खेळाडूने पुढे खेळत राहावे यासाठी दिवसातले दोन तास कामकाजात धरावेत, अशी तरतूद त्यांत घालण्यासाठी नवा निधी उभारावा लागणार नाही, कारण पगार आधीच दिला जात आहे.