पेटंटची नोटीस आली तर

मुक्ताईनगर, रावेर, यावल या केळीच्या पट्ट्यात घड उतरल्यावर खोडाचे काय करावे, हा प्रश्न असतोच. समजा, आपण खोडापासून धागा काढण्याच्या यंत्रात सोयीचा बदल केला व ते चार गावांत विकू लागलात. एके दिवशी वकिलाची नोटीस येते : 'हे आमचे पेटंट आहे, अमुक रक्कम भरा.'

स्वतः वस्तू न बनविता केवळ पेटंटच्या कागदावर वसुली करणाऱ्यांना अमेरिकेत 'पेटंट ट्रोल' म्हणतात. कोर्टाचा खर्च मागितलेल्या रकमेहून जास्त होतो म्हणून लोक पैसे देऊन मोकळे होतात, यावरच हा धंदा चालतो. तेव्हा घाईने पैसे देऊ नयेत व 'चूक झाली' असेही लिहून देऊ नये.

प्रथम पेटंटचा क्रमांक लेखी मागवावा. पेटंट ज्या देशाने दिले तेथेच चालते. अमेरिकेचे पेटंट मुक्ताईनगरात लागू होत नाही. नुसता अर्ज केलेला असेल तर मंजुरीपूर्वी दावा लावता येत नाही. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते आणि तिसऱ्या वर्षापासूनची वार्षिक फी न भरल्यास ते त्याआधीच संपते. ही माहिती पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. पेटंट चालू असल्यास त्यातील 'दावे' हा भाग जाणकाराकडून आपल्या यंत्राशी ताडून घ्यावा. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम 106 खाली कोर्टात जाता येते. मात्र पेटंट असल्याचे नुसते कळविणे ही धमकी ठरत नाही.

मंजूर पेटंटही रद्द होऊ शकते. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. ते काही वसुली करणारे नव्हते, पण धडा तोच आहे. बोट कापले की आपल्या घरी हळद दाबतात, हे तोंडी सांगून भागले नसते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व छापील लेख पुढे ठेवले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले.

आपल्या यंत्राचेही तसेच आहे. आराखडा, वेल्डिंगचे बिल, तारखेचे फोटो व पहिल्या विक्रीची पावती जपावी. प्रात्यक्षिक दाखविल्यास हजर शेतकऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. चोरून वापरलेल्या यंत्राचा पुरावा म्हणून फारसा उपयोग होत नाही. पण स्वतःच पेटंट घ्यायचे असेल तर उलट करावे : आधी अर्ज, मग प्रदर्शन.

बियाणे व लागवडीची पद्धत यांवर भारतात पेटंट मिळतच नाही. वाणांची नोंदणी 2001 च्या वेगळ्या कायद्याने होते. त्यातील कलम 39 प्रमाणे शेतकऱ्याला नोंदणीकृत वाणाचे बियाणेही राखता, पेरता व विकता येते, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. 2019 साली शेजारच्या गुजरातेत पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या नोंदणीकृत वाणावरून चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी सुमारे 1 कोटी रुपयांचे दावे लावले होते. शेतकरी संघटनांनी याच कलमावर बोट ठेवले. मे महिन्यात कंपनीने ते दावे मागे घेतले.