किती दिवस टिकणार?

वजन कमी करणे आणि कमी झालेले वजन टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांपैकी दुसरे अधिक लांबणारे, अधिक एकाकी आणि कौतुकाला पारखे असते. पहिल्या कामात काट्यावरचा आकडा दर आठवड्याला खाली येताना दिसतो, कपडे सैल होतात, भेटणारी माणसे मुद्दाम थांबून विचारपूस करतात. दुसऱ्या कामात मात्र यश म्हणजे काहीच न घडणे, आणि जे घडले नाही त्याबद्दल शाबासकी देण्याची रीत कुठेच नाही. नेमक्या याच टप्प्यावर ‘बघू, किती दिवस टिकतंय’, ‘चार महिन्यांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या’, ‘आमच्या ऑफिसात एकाने असंच केलं होतं, आता दुप्पट झालाय’ अशी वाक्ये कानांवर पडू लागतात. ती बोलणारी माणसे परकी नसतात. ती घरातली, शेजारची, जेवणाच्या सुट्टीत एका टेबलाशी डबा उघडणारी असतात, आणि म्हणूनच त्यांचे बोलणे सहजी झटकून टाकता येत नाही.

या शंकेला तोंड द्यायचे तर तिच्यात तथ्य किती हे आधी प्रामाणिकपणे तपासावे लागते, कारण ती सर्वस्वी खोटी नाही. ‘शंभरातल्या पंच्याण्णवांचे वजन परत येते’ हे विधान जगभर इतके रुळले आहे की ते कोठून आले हे कोणी विचारतही नाही. त्याचे मूळ बहुतांशी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात सापडते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकारी मेव्हिस मॅकलारेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कमधील एका पोषण-चिकित्सालयात आलेल्या १०० जणांचा पाठपुरावा केला, तेव्हा दोन वर्षांनंतर घटवलेले वजन टिकवून असलेले केवळ २ जण त्यांना आढळले. निष्कर्ष खरा होता, पण त्या शंभर जणांवर उपचार कोणता झाला होता हे पाहिल्यावर त्या आकड्याचा अर्थ बदलतो: त्यांच्या हाती आहाराचा तक्ता देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले होते आणि पुढे काय करायचे हे त्यांचे त्यांच्यावर सोडले होते, हे स्टंकार्ड यांनी स्वतःच पुढे सांगितले. म्हणजे त्या निबंधाने मोजले ते माणसांचे मनोबल नव्हते, एका कागदाच्या तक्त्याचे बळ होते.

तरीही वजन परत येऊ पाहते हे शरीरशास्त्राला मान्य आहे, आणि त्यामागे आळस किंवा खादाडपणा हे कारण नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोचवणारे रसायन, तयार करतात आणि शरीरात साठा पुरेसा आहे हे मेंदूला कळवत राहतात. चरबी घटली की हा निरोप क्षीण होतो, त्याच वेळी जठरातून स्रवणारे आणि भूक चेतवणारे ग्रेलिन वाढते. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन घटवलेल्या माणसांमध्ये हा बदल वर्षभरानंतरही पूर्ववत झालेला नव्हता, आणि त्यांची भूकही वाढलेलीच होती. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेत झपाट्याने वजन घटवलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. पाच-सहा पोळ्यांइतकी ही तफावत रोजची आहे, आणि ती सोसणाऱ्याला ‘मनावर घेतलं की होतं’ असे सांगणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय अन्यायही आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. रेना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी १९९४ साली अमेरिकेत वजन टिकवणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली; किमान १३.६ किलो वजन घटवून ते किमान वर्षभर टिकवलेल्या प्रौढांनाच तीत प्रवेश मिळतो, आणि आजवर दहा हजारांहून अधिक लोकांनी तीत नाव नोंदवले आहे. हे लोक आपणहून पुढे आलेले असल्याने शंभरात किती जणांना यश येते हे या नोंदवहीवरून ठरवता येत नाही. मात्र यशस्वी माणूस कसा जगतो हे तिच्यातून चांगले कळते. वजन घटवण्याचे त्यांचे मार्ग निरनिराळे होते, निम्म्याच्या आसपास लोकांनी कोणत्याही संस्थेच्या मदतीविना ते घटवले होते, परंतु टिकवण्याच्या सवयी थक्क व्हावे इतक्या सारख्या निघाल्या: बहुतेक जण न चुकता न्याहारी करतात, रोज तासाभराच्या आसपास चालणे किंवा तत्सम व्यायाम करतात आणि आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहतात. त्याहून मोलाची गोष्ट अशी की त्यांच्यापैकी बहुतेकांनी पूर्वी वजन घटवून ते पुन्हा गमावलेले होते. ‘मागच्या वेळी काय झालं, विसरलास का?’ या टोमण्याला याहून चांगले उत्तर सापडणार नाही, कारण मागचे अपयश हे पुढच्या अपयशाचे भाकीत ठरत नाही, हे तेच लोक जगून दाखवत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणावर आधारलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर कधी ना कधी अतिवजन असलेल्या प्रौढांपैकी दर सहांत सुमारे एकाने १० टक्के वजन घटवून ते वर्षभर टिकवल्याचे आढळले. सहांत एक हे प्रमाण फार नाही, परंतु शंभरात दोन आणि सहांत एक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक कशामुळे पडतो, याचे उत्तर मिळण्यास मधुमेहींच्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगाची मदत होते. ५,१४५ मधुमेही व्यक्तींच्या या प्रयोगात ज्यांना आहार, व्यायाम आणि नियमित भेटी यांचा आधार वर्षानुवर्षे मिळाला, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या लोकांनी आठव्या वर्षीही किमान ५ टक्के घट राखली होती. १९५९चा तो निबंध आणि हा प्रयोग यांचे निकष वेगळे असल्याने आकड्याशी आकडा जुळवणे योग्य नव्हे. तरी तक्ता देऊन घरी पाठवणे आणि हात धरून सोबत चालणे यांच्या फळांत अंतर आहे, एवढे निःशंकपणे म्हणता येते. वजन टिकणे हे माणसाच्या निग्रहाइतकेच त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, आणि ‘किती दिवस टिकणार?’ असे विचारणारी माणसे स्वतःच त्या व्यवस्थेचा भाग असतात.

मराठी घरांत या व्यवस्थेचे एक ठळक रूप म्हणजे आग्रह. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबीची परात घेऊन पुढ्यात येतो, जेवणारा ताटावर आडवा हात धरतो, आणि त्या हाताचा अर्थ ‘नको’ असा न घेता ‘अजून एकदा म्हणा’ असा घेतला जातो. मग बोटांच्या फटीतून जिलेबी ताटात उतरते, पाक करंगळीवरून मनगटाकडे ओघळतो आणि शेजारच्या पाटावरून कोणीतरी ‘एका जिलेबीने काय होतंय?’ असे म्हणून विषय संपवते. दिवाळीच्या फराळाचे, पुरणपोळीवरच्या तुपाच्या धारेचे, गणपतीतल्या मोदकांचेही असेच. ज्या समाजाने दुष्काळ पाहिले आहेत आणि ज्याच्या स्मृतीत वाळत जाणे म्हणजे क्षय हे समीकरण पक्के बसले आहे, त्या समाजातील आजीला नातवाचे गाल बसलेले पाहून धस्स होणे स्वाभाविक आहे. ‘किती वाळलास रे, आजारी आहेस का?’ या प्रश्नात शंकेपेक्षा भीती अधिक असते. (प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर ही भीती रास्तही असते, कारण क्षयाप्रमाणेच निदान न झालेल्या मधुमेहातही माणूस रोडावतो.)

आणखी एक शंका पद्धतीविषयीची असते. महाराष्ट्रात २०१८च्या सुमारास डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारात आणलेली दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत घरोघरी पोचली, दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या अंतराने घरचे, स्थानिक अन्न खाण्याचा सल्लाही तितकाच लोकप्रिय झाला, आणि एकाच कुटुंबात दोन तट पडले. तेव्हापासून कोणीही काहीही पाळायला घेतले की दुसऱ्या तटाचा माणूस ते टिकणार नाही असे सांगायला हजर असतो. या वादात शिरण्याचे वजन टिकवणाऱ्याला कारण नाही. आपल्याला झेपणारी पद्धत दीर्घकाळ पाळणे हे त्याचे काम आहे.

शब्दांनी असा काय फरक पडतो, असे वाटणे शक्य आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ पासून मांडलेल्या सिद्धान्तात ‘स्वक्षमतेवरील विश्वास’, म्हणजे हे विशिष्ट काम आपल्याला जमेल अशी खात्री, ही कल्पना मध्यवर्ती आहे. ही खात्री सर्वांत अधिक स्वतःच्या अनुभवातून बळावते, इतरांच्या शब्दांनी ती उभी करणे अवघड असते, पण शब्दांनी ती खच्ची करणे मात्र सोपे असते, असे त्यांनी नोंदवले. आहारावर बंधन घालणाऱ्यांच्या अभ्यासातून जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी दाखवलेली गोष्ट याला जोडून येते: नियम एकदा मोडला की ‘आता मोडलाच आहे, तर खाऊनच घेऊ’ अशी मनाची घसरण होते आणि एका करंजीच्या जागी डबा रिकामा होतो. ही घसरण करंजीमुळे होत नाही, तिच्यावर लावलेल्या अर्थामुळे होते. आणि ‘हे टिकणार नाहीच’ हा अर्थ आधीच कोणी कानांत घालून ठेवलेला असेल तर तो लावणे फारच सोपे जाते.

तेव्हा पहिला उपाय असा की अर्थ लावण्याचे काम दुसऱ्याच्या जिभेवर न सोपवता वहीवर सोपवावे. वजन घटवून झालेल्या ३१४ जणांवर विंग यांच्याच चमूने केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजनाला रंगांचे पट्टे दिले होते: टिकवायच्या वजनापासून साधारण दीड किलोच्या आत हिरवा, सव्वादोन किलोंच्या पुढे लाल आणि मधला पिवळा. रोज वजन करायचे, पिवळ्यात पाऊल पडले की लगेच सुधारणा करायची, लाल झाले की पुन्हा काही काळ घटवण्याचा आहार घ्यायचा. दीड वर्षानंतर केवळ माहितीपत्रके मिळणाऱ्या गटात ७२ टक्के लोकांचे वजन सव्वादोन किलोंहून अधिक वाढले, तर प्रत्यक्ष भेटीगाठींचा आधार मिळालेल्या गटात ४६ टक्क्यांचे. वहीचा दुसरा लाभ असा की तिच्यामुळे पाणी आणि चरबी यांतला फरक कळतो. लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काट्यावर किलोभर वाढ दिसली तर तिच्यातला मोठा भाग मिठाने आणि पिष्टाच्या साठ्याने धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो; चरबी खरोखर किलोभर वाढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात, आणि एका पंगतीत इतके जेवण कोणालाही जात नाही. तीन-चार दिवसांत आकडा खाली आलेला ज्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे, त्याला ‘आलं ना परत?’ हा प्रश्न फारसा बोचत नाही.

दुसरा उपाय बोलण्याचा आहे, आणि तो माणूस पाहून योजावा लागतो. घाबरलेल्या आजीला सिद्धान्त सांगून उपयोग नसतो. ‘आजी, साखर तपासली, डॉक्टरांनी ठीक म्हटलंय’ हे वाक्य आणि तिच्या समोर बसून शांतपणे पोटभर खाल्लेली भाकरी-भाजी तिला पुरते. आग्रह करणाऱ्या मावशीला ‘नको’ म्हटले की वाद सुरू होतो, कारण तिला काहीतरी द्यायचे असते. ‘आत्ता पोट भरलंय मावशी, दोन करंज्या डब्यात द्या, उद्या चहाबरोबर खाईन’ असे म्हटले की देणाऱ्याचा हात रिकामा राहत नाही आणि घेणाऱ्याचा हिशेबही बिघडत नाही. ज्याला केवळ हरलेले पाहायचे आहे त्याला मात्र किलोंचा हिशेब देऊच नये. उद्दिष्टाचा आकडा चारचौघांत जाहीर केला की त्या आकड्याचे पालकत्व नकळत चारचौघांकडे जाते.

सर्वांत अवघड स्थिती त्या स्त्रीची, जिच्या हातात पळी आहे पण जेवणाचा निर्णय नाही. सर्वांसाठी तळण तळायचे, सर्वांना गरम वाढायचे, उरलेले वाया जाऊ नये म्हणून स्वतः संपवायचे आणि वर ‘तुझं डाएट काय म्हणतंय?’ हेही ऐकायचे, असा तिचा दिवस असतो. तिच्या बाबतीत समर्पक उत्तरे शिकवणे पुरेसे नाही. उरलेले अन्न झाकून ठेवण्याची, संध्याकाळचा एक तास तिला स्वयंपाकघरातून मोकळे करण्याची जबाबदारी घरातल्या इतरांनी उचलली पाहिजे, आणि ते न करता तिच्या वजनावर भाष्य करण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.

शंका घेणारा माणूस व्यवस्थेचा भाग असेल, तर त्याला काही काम देता येते. ‘किती दिवस टिकणार?’ असे विचारणाऱ्या नणंदेला किंवा सहकाऱ्याला ‘रोज साडेसहाला चालायला निघते, येता का बरोबर?’ असे विचारता येते. काही जण येतात. जे येत नाहीत, त्यांच्यातलेही काही जण पुढच्या भेटीत वजनाचा विषय काढत नाहीत. आज किती चाललीस, एवढेच विचारतात.